बाय, ते डासांचं मशीन नव्हतं

बाय,

ती सहा यंत्रं सुतकामुळे बंद नव्हती.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. माझी सवय तुला ठाऊक आहे. आलो की बाल्कांवात, दारापुढच्या बाकावर बसायचं, छपराचे नळे सरकलेत का विचारायचं, चहा प्यायचा, आणि खरं काही बोलायची वेळ आली की चपला शोधायच्या. आज चपला आतल्या खोलीत ठेवून बसलो आहे.

काल तुझा बारावा झाला. माणसं गेली. तुझ्या वहिनीची, नयनाची शाळा आहे, ती सकाळीच डिचोलीला परतली. मी तुझ्या कदेलावर, त्या जुन्या खुर्चीत बसून लिहितो आहे. समोर मेजावर तुझा चष्मा तसाच आहे. दुपारच्या गाडीनं शांता बेळगावकडे, तिच्या गावाला जाणार आहे. आता परत येणार नाही म्हणते. तू नाहीस तर इथे तिचं कोण आहे? जायच्या आधी घराची किल्ली द्यायला येईल. ती आली की मला तिला एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायचा धीर यावा म्हणून आधी तुला सांगतो. अर्थात तुझ्यासमोर तरी मला कधी धीर झाला होता म्हणा.

तुयेच्या कारखान्यात तू आणि शांता एकाच बाकावर बसून सर्किटांना डाग दिलेत. तिचं लग्न, तिचा संसार, तिचा नवरा जाणं, सगळं त्या बाकावर बसून झालं. तू लग्न केलंच नाहीस. एका हातात सोल्डरची तार, एका हातात ती तापलेली कांडी, आणि डोळ्यांपुढे भिंग. आईला वाटायचं तुझे डोळे जाणार. डोळे राहिले, कारखाना गेला. तुमचा विभाग बंद झाला तेव्हा बायकांना एकेक घड्याळ देऊन घरी पाठवलं. कुणी मांद्र्याला गेस्ट हाऊसच्या चादरी धुवायला लागल्या, कुणी काजूच्या कारखान्यात. तू घरी बसलीस. मला वाटलं आता तू भजनं ऐकशील, फुलझाडं लावशील. घरी बसलेल्या बहिणीनं काय करावं याची माझ्या डोक्यात एवढीच यादी होती.

तू ते पहिलं यंत्र मागवलंस.

मी आलो तर ते लॅपटॉपच्या कुशीत खोचलेलं. पेन ड्राइव्हहून जरा मोठं, पाठीवर अ‍ॅल्युमिनियमचे दात, पोटात एक निळा दिवा. मला वाटलं इंटरनेटचं काहीतरी असेल. तू म्हणालीस, बिटकॉइन शोधता. आमच्या पतसंस्थेच्या दारात, आत शिरताना डाव्या हाताला, एक फलक आहे: सभासदांनी बिटकॉइनसारख्या योजनांच्या आमिषाला बळी पडू नये. तो मजकूर मी स्वतः लिहिलेला. आणि व्यवस्थापकाची सख्खी बहीण घरात ते यंत्र लावून बसली होती.

तू मला शांतपणे समजावलंस. ही योजना नव्हे, ह्यात कुणाचे पैसे घ्यायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत. जगभर यंत्रं एकच आकडा शोधत असतात. दहा-एक मिनिटांनी तो कुणाला तरी सापडतो, बक्षिसाचं बिटकॉइन त्याला, आणि सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून नवा शोधायचा. मोठे लोक गोदामं भरून यंत्रं लावतात. मी विचारलं, मग त्यांच्यापुढे तुझं हे एवढंसं काय करणार? तू हसलीस. म्हणालीस, चतुर्थीच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन सगळ्या बायका बसतात बघ, कुणाकडे नारळांचा घोस, कुणाकडे केळ्यांचे घड. त्यात मी एक सुपारी घेऊन बसलीय. गिऱ्हाईक आलं तर आलं.

एकाची दोन झाली, दोनाची सहा. काळ्या हबात, खाचांच्या त्या पट्टीत ओळीनं उभी केलीस. ती फार तापतात म्हणून समोर छोटा पंखा. प्रत्येकाला तू नाव दिलंस. फोनवर त्यांची हजेरी दिसायची, नावापुढे हिरवी खूण. शांता, फिलू, सुलभा, मीरा, रोझी. तुमचा सगळा बाक तू पुन्हा कामाला बसवला होतास. आणि सहाव्याचं नाव बाबू. मला जरा बरं वाटलं. विचारलं, माझं नाव कशाला? तू माझ्याकडे न बघता म्हणालीस,

“बेगीन तापता आणि काम कमी करता.”

शांता पदर तोंडाला लावून हसली होती. मला राग आला. खरं होतं म्हणूनच.

आपला एक वाद अर्धाच राहिला, बाय. सप्त्याच्या दिवसांतला. आपल्या देवळात अखंड भजन, प्रत्येक वाड्याला नेमून दिलेल्या तासांचा पार. आपल्या वाड्याचा पार भर दुपारी. मी टाळ धरून उभा होतो, आधीच्या वाड्याच्या माणसानं वाजता टाळच माझ्या हातात दिला होता, एक ठोकाही न चुकवता. तू बायकांबरोबर बाहेर, नगारखान्याच्या सावलीत. पार संपवून मी घामाघूम बाहेर आलो. तू पाण्याचा तांब्या पुढे केलास. मी पाणी पिता पिता, चार माणसांदेखत, सहज म्हणावं तसं म्हणालो की ते लुकलुकणं बंद कर आता, आयुष्यभर लावून ठेवलंस तरी तुला काय मिळणार आहे?

तू तांब्या परत घेतलास.

“तू टाळ धरून उबो रवतस तेवा तुका काय मिळता?”

मी म्हटलं, ते देवाचं आहे. तू म्हणालीस, असेल. मग जरा थांबून म्हणालीस, आमच्या हातात कधी कुणी टाळ दिला नाही. ऐकायचं तेवढं ऐकलं. हे माझं आहे, हे मी मोडू देणार नाही.

मी म्हटलं, घरी गेल्यावर बोलू. घरी गेल्यावर मी चपला शोधल्या.

मग माझ्या अनुजाला बघायला मांद्र्याची माणसं आली तो दिवस. त्यांना मुलीबरोबर आमचं मूळ घर, घरचा देव बघायचा होता, म्हणून कार्यक्रम तुझ्याकडे ठेवला. तू सकाळपासून राबलीस. पोदेराकडून ताज्या पावाचे उंडे घेतलेस, वाटाण्याची भाजी केलीस, वसरी सारवल्यासारखी लख्ख. फक्त एक करायचं राहिलं. वसरीतल्या शोकेसवर ती सहा जणं लुकलुकत होती. मी आदल्या दिवशी सांगायला हवं होतं की ती आत ठेव. सांगितलं असतं तर तू ठेवली असतीस. पण त्यासाठी मला तुला म्हणावं लागलं असतं की मला तुझी लाज वाटते.

मुलाच्या वडिलांनी चहाचा कप हातात घेऊन विचारलंच, हे काय म्हणायचं? सगळे तिकडे बघायला लागले. मला समोर आमचा फलक दिसला, आमचे संचालक दिसले, मांद्र्यात पसरणारी बातमी दिसली.

“डासांचं मशीन,” मी म्हणालो. “नवीन निघालंय.”

तू दारात ट्रे घेऊन उभी होतीस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण मुलाची आई उठून जवळ गेली. त्यांचं गेस्ट हाऊस, समुद्राकाठी डास फार, पर्यटक तक्रारी करतात. तिनं मला विचारलं, कुठे मिळतं?

तू ट्रे खाली ठेवलास. “कंपनी बंद पडली वयनी,” तू म्हणालीस. “सहाच काढलेली.”

“आणि उपयोग होता?”

“एक सुद्धा गावलो नाय अजून.”

सगळे हसले. मीही हसलो. अनुजाचं लग्न ठरलं. आज ती सुखात आहे, सासू तिला मुलीसारखी वागवते, आणि त्या घरात अजून कधी कधी डासांच्या मशीनचा विषय निघतो. दर वेळी मी हसतो. दर वेळी दारात ट्रे घेऊन उभी असलेली तू मला दिसतेस.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर तू ट्रे आत नेलास. कप धुतलेस. मग हब उचललास, तारा गोळा केल्यास आणि सगळं देवघराच्या फळीवर नेऊन मांडलंस, समईच्या बाजूला. तिथे खाली एक सॉकेट होता. मी ओशाळून म्हटलं, इथे कशाला? तू म्हणालीस, “हंय कोण विचारूचो नाय. देवाकडे आसा त्याका कोण काय विचारता?”

तेव्हा वाटलं टोमणा मारलास. आता वाटतं, मला पुन्हा खोटं बोलावं लागू नये म्हणून तू जागा शोधून दिलीस.

मग तुझं हृदय थकलं असं डॉक्टर म्हणाले आणि तुला इस्पितळात ठेवलं. दिवसा तुझ्याजवळ शांता बसायची. घर बंद राहू नये म्हणून मी इथे झोपायला यायचो, संध्याकाळी तुला भेटून. इस्पितळात जाताना तू मला फक्त एक काम सांगितलंस. दिवा लाव म्हणाली नाहीस, तुळशीला पाणी घाल म्हणाली नाहीस. ते मी करेन हे तू गृहीत धरलं होतंस. लॅपटॉपवरचं एक बटण बोटानं दाखवलंस. वीज जाऊन आली की हे दाबायचं, म्हणजे सगळी परत कामाला लागतात. पंखा बंद पडू द्यायचा नाही. मी हो म्हटलं. खरं सांगतो, तेव्हा मनापासून म्हटलं होतं. पहिले काही दिवस मी ते केलंसुद्धा. पावसात दोनदा वीज गेली, दोन्ही वेळा बटण दाबलं, सहा निळे दिवे लागले आणि मला उगाच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

मग एका रविवारी आमच्या संस्थेचे अध्यक्ष तुझी विचारपूस करायला घरी येतो म्हणाले. त्यांचं गाव इथून जवळ. ते देवाला हात जोडायला आत येतील, हे माझ्या मनानं धरलं. मी देवघरात गेलो, वाकलो आणि प्लग खेचला. पंखा घरघरत थांबला. दिवे विझले. प्लग तिथेच जमिनीवर टाकला.

अध्यक्ष आत आलेच नाहीत, बाय. बाल्कांवात बसले, चहा घेतला, तुझ्या तब्येतीबद्दल दोन शब्द बोलले आणि छत्री उघडून निघून गेले.

मी आत येऊन प्लग परत लावायला हवा होता. एवढंच करायचं होतं, वाकायचं. पण घरात त्या पंख्याची घरघर नव्हती, आणि ती शांतता मला आवडली. माझ्याकडे दुसरं कारण नाही. विजांचा कडकडाट चालू होता, यंत्रं जळली असती, असं मी काही दिवस स्वतःला सांगितलं. विजा नव्हत्या. घरात तुझ्यातलं जे एक मला कधी पटलं नव्हतं ते गप्प झालं होतं, आणि मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, “चालू आसत ना रे सगळी?”

मी म्हटलं, हो. शांता तिथेच सफरचंद कापत बसली होती. मनात म्हटलं, आज जाऊन लावतो, मग हे खोटं राहणार नाही. गेलो, जेवलो, झोपलो.

असे काही दिवस गेले. मग ती संध्याकाळ. मी जरा लवकर आलो होतो. शांता औषध आणायला खाली गेलेली. तू कुशीवर होतीस, भिंतीकडे तोंड करून, फोन डोळ्यांजवळ धरून. मी मागून आलो आणि तुझ्या खांद्यावरून मला तो पडदा दिसला. शांता, फिलू, सुलभा, मीरा, रोझी, बाबू. सहाही नावं करडी. एकापुढेही हिरवी खूण नव्हती. ती यंत्रं चालू आहेत की नाहीत हे तुला तिथे पडल्या पडल्या दिसत होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी इतकी वर्षं ती यंत्रं नीट बघितलीच नव्हती, मग ती तुझ्याशी कशी बोलतात हे मला कुठून कळणार?

तुला माझी चाहूल लागली. तू फोन पालथा घातलास, उशीखाली सरकवलास, आणि वळलीस. आपली नजर मिळाली. मी पाहिलंय हे तुला कळलं. तुला ठाऊक आहे हे मला कळलं. आणि तू, अगदी रोजच्या आवाजात, विचारलंस,

“चालू आसत ना रे सगळी?”

तू मला संधी देत होतीस. नाही म्हण, बाबू. चुकलो म्हण. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, मी शोधला. मी म्हटलं, हो.

तू म्हणालीस, “बरां.”

मला सांग, मी त्या दिवशी तरी घरी जाऊन प्लग का लावला नाही? त्यावर मी रोज विचार केला आहे. लावला असता तर तुझ्या फोनवर सहा हिरव्या खुणा एकदम उमटल्या असत्या. मग माझे मागचे सगळे ‘हो’ खोटे होते, हे मीच तुला कळवल्यासारखं झालं असतं. बंद ठेवली तर निदान काहीच झालं नाही असं दोघांनाही वागता येत होतं. म्हणजे मी बंद ठेवली ती आता अध्यक्षांच्या भीतीनं नाही, शांततेसाठी नाही. आधीचं खोटं सांभाळण्यासाठी. रोज समईत तेल घालायचो, वात सारखी करायचो, पायाशी तो प्लग पडलेला असायचा आणि मी त्याला ओलांडून जायचो.

त्यानंतरही तू रोज विचारलंस. मी रोज हो म्हटलं. शेवटच्या दिवशी तू विचारलं नाहीस. ग्लानीत होतीस, डॉक्टर म्हणतात. मी मात्र वाट बघत बसलो होतो. त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं. पण असं वाटायला आता काही किंमत पडत नाही.

आणि आता जे सांगतो ते तुला ठाऊक नाही.

तू गेल्यावर, तुला घरी आणायच्या आधी शांता पुढे आली, घर झाडायला. देवघर झाडलं. झाडून मागे वळते तो तिला फळीवरचे दिवे विझलेले दिसले आणि प्लग जमिनीवर. रोज संध्याकाळी तिनं माझा ‘हो’ स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तिला वाटलं आपल्याच केरसुणीनं तार ओढली गेली. लावायला गेली, तेवढ्यात तुला घेऊन गाडी दारात आली, आणि मग कुणीतरी तिला सांगितलं की आता घरातल्या कशाला हात लावू नको. ती माझ्याजवळ येऊन रडली. म्हणाली, ताय गेली आणि तासाभरात मी तिचं मोडलं ओ साहेब. एवढे दिवस तुम्ही सांभाळलं आणि मी मोडलं.

मी म्हटलं, असू दे, शांता.

असू दे. ह्याहून नीच शब्द मी आयुष्यात उच्चारले नसतील. मी तिला क्षमा केली, बाय. माझ्या गुन्ह्याची.

सुतकात घरच्यांनी देवाला हात लावायचा नाही, म्हणून रोज दिवा लावायला शांताच यायची. दिवा लावायची, त्या सहांकडे बघायची, डोळे पुसायची. एकदा तिनं सगळ्यांसमोर विचारलं, तायचं हे मी चालू करू काय? मी तर घरची नव्हे. तेव्हा शिरगावचे आपाकाका बसले होते. त्यांच्यासमोर प्रश्न आला म्हणजे निवाडा झाल्याशिवाय सुटका नाही. नयना म्हणाली, विजेच्या वस्तूला कसलं सुतक? पंखा चालतोय, फ्रिज चालतोय. आपाकाका म्हणाले, “फ्रिज तुजो देवाच्या फळीर आसा काय?” फळीवर आहे म्हणजे देवाकडचं, देवाकडचं म्हणजे सुतकात बंद, आणि शांतानं दिवा लावावा तेवढा पुरे. म्हणाले, केरसुणीनं नव्हे गे बाई, देवानंच बंद केलं, सुतक पाळलं त्यानं. सगळ्यांना ते फार आवडलं. शांताचा चेहरा जरा हलका झाला, पण पूर्ण नाही. देवानं केलं तरी हात तिचा होता ना.

मी मान डोलावली. देव, सुतक, केरसुणी, शांता. सगळे माझ्यासाठी उभे राहिले होते आणि मी त्यांच्या मागे.

फाटक वाजलं. शांता आली बहुतेक. थांब.

*

शांता गेली.

काय झालं ते जसंच्या तसं सांगतो. तिनं किल्ली मेजावर ठेवली, पिशवीतून माझ्यासाठी लाडू काढले. ती निघायला लागली तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हटलं, शांता, तुझ्या केरसुणीनं काही झालं नाही. प्लग मी काढला होता. ताई इस्पितळात असताना. रोज हो म्हणायचो ते खोटं होतं.

वाटलं ती रडेल, किंवा जाऊ दे म्हणेल. तिनं दोन्ही केलं नाही. खांबाला टेकून खाली बसली.

“मग मी रडले ते फुकटच की ओ,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हो. तिला माझा हा पहिला खरा हो.

मग तिच्या मनात काहीतरी जुळलं. म्हणाली, ताय फोन घेतला की भिंतीकडं तोंड करायची. मी म्हणायची दाखवा की, फिलू काय करतीय, रोझी काय करतीय. आधी रोज दाखवायची. इस्पितळात पहिले थोडे दिवस दाखवलं, मग कधीच नाही. म्हणायची डोळे दुखतात. मला वाटलं खरंच दुखतात.

बाय, तू ते शांतापासूनही लपवलंस. तिला एक शब्द बोलली असतीस तर ती धावत येऊन प्लग लावून गेली असती. तुझं ते अखंड पुन्हा सुरू झालं असतं. पण मग मी कसा आहे ते तिला कळलं असतं. मोडू देणार नाही म्हणाली होतीस ना तू, देवळाबाहेर, तांब्या हातात घेऊन? ते तू मोडू दिलंस. भावाची लाज राखायला. दारात ट्रे घेऊन उभी होतीस तशीच, भिंतीकडे तोंड करून.

तुझे उपकार मानायला मला जागा सापडत नाही. उपकार मानावेत असं वाटतं आणि लगेच शरम वाटते, की ज्याबद्दल मानायचे ते घडायलाच नको होतं.

शांता उठली. विहिरीवर जाऊन हातपाय धुऊन आली. काल सुतक फिटलं, आता मी हात लावला तरी चालणार होतं, तिनंच मला आठवण केली. मी देवघरात वाकून प्लग लावला. गुडघा दुखला. तिनं लॅपटॉप उघडला, तू दाखवलेलं बटण दाबलं. पंखा आधी अडखळला, मग फिरला. तुझा फोन मी पुढे केला आणि आम्ही दोघं फळीसमोर उभे राहिलो, दर्शनाच्या रांगेत उभं राहावं तसे.

शांता हिरवी झाली. आपलं नाव बघून बाजूची शांता हसली, डोळ्यांत पाणी होतं. मग फिलू. सुलभा आणि मीरा जवळजवळ बरोबर. रोझीला थोडा वेळ लागला.

बाबू करडाच राहिला.

शांतानं ते यंत्र उपसून काढलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं, पुन्हा खोचलं. दिवा लागेना. दुसऱ्या खाचेत घालून बघितलं. नाही. दमट हवेनं गेलं असेल, किंवा इतके दिवस थंड पडून. मला तिला गाडीवर सोडायचं होतं, पण ती नको म्हणाली, पिशवी उचलली. दारातून वळून म्हणाली, राहू दे तसंच लावून. त्याला वेळ लागतो, ताय म्हणायची.

ती गेल्यापासून मी इथेच बसलो आहे. आतून पंख्याची घरघर येते आहे. तू नाहीस, आणि तू रोज विचारायचीस ते विचारायला आता कुणी नाही. तरी उत्तर देतो.

पाच चालू आहेत, बाय. बाबू अजून नाही.